चित्ता दाबला, कासव निघाले

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका हौशी महापौराने नुकताच सोळा कोअरचा प्रोसेसर आणि दागिन्याच्या भावाचे ग्राफिक्स कार्ड आणले. कशासाठी? तर २००३ सालचा 'सिमसिटी ४' हा, खेळणाऱ्याला महापौर करून शहर वसवायला लावणारा गेम खेळायला! त्या गेमची मूळ मागणी म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि १२८ एमबी रॅम.

वस्ती विरळ होती तोवर झकास चालले. पुढे शहर फुगले आणि नकाशा सरकवला की अर्धा रस्ता आत्ता, अर्धा मागाहून. गेमचा वेग सर्वात जलद म्हणजे 'चित्ता'वर, चाल कासवाची. गेम लिहिला तेव्हा घरच्या प्रोसेसरला एकच कोअर असे. त्यामुळे रहदारी, वीज, कोण कुठे कामाला जातो, सगळा हिशेब एकट्याच्या डोक्यावर. उरलेले पंधरा हजेरीपटावर सही करून मोकळे. (सरकारी भाषेत यालाच मनुष्यबळ म्हणतात.) उलट जास्त कोअर दिसले की गेम कधी कधी बिचकून बंदच पडतो, म्हणून जाणकार त्याला मुद्दाम एकाच कोअरला जखडतात. नव्या ग्राफिक्स कार्डाचे तर नावच गेमच्या ओळखीच्या कार्डांच्या जुन्या यादीत नाही!

थोडेच कोअर, पण एकेक तडफदार, एवढे पुरले असते. महापौर ऐकतील तर ना!

तरी रखडत का होईना, त्यांच्या शहरात पाइप जोडला की लगेच पाणी येते, तेही रोज. इकडे खऱ्या शहरात जायकवाडी धरण भरले तरी नळाला पाणी कोणत्या वारी, हे शेजारी विचारावे लागते. शेजाऱ्यांनी आता त्या गेममध्ये टू-बीएचके मिळेल का, अशी चौकशी केली आहे.