बंदूक घ्यायची आहे, आईला सांगू नका

॥ श्री ॥

मॅडिसन, विस्कॉन्सिन
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल. मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "बंदूक घेऊलालास म्हणं?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. मी परत लावला नाही, कारण फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच जपाला बसली होती. म्हणून हे पत्र. एकट्यानं वाचा. बाजाराच्या दिवशी हॉटेलात चार लोकांत वाचलंत तरी चालेल, पण घरात नको. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईला हरणाच्या गोळीचं वजन कळून काय करायचंय?

आपल्या इस्लापुरात हरीण म्हटलं की लोकांना सलमान खानची केस आठवते. इथं सगळं उलटं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. सरकार स्वतः परवाने विकतं आणि पाच लाखांहून जास्त लोक ते घेऊन रानात शिरतात. हरणं इतकी झालीत की मक्यात आणि सोयाबीनमध्ये कळपानं घुसतात. हो, सोयाबीनमध्येच! तुमच्याकडे रोही आणि डुकरं, इथं पांढऱ्या शेपटीचं हरीण. इथं कुणी रात्रीची जागल मात्र करत नाही. आमच्या परसातली वांगी, घेवडा आणि मेथीचा अख्खा वाफा एका रात्रीत साफ झाला, तेव्हा तुमच्या सुनेच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी याआधी फक्त आपल्या शेतातल्या माळ्यावरून ऐकले होते. बंदुकीला तिची परवानगी त्या सकाळी मिळाली. ती अजून टिकून आहे का, ते मी विचारत नाही.

कायदा असा की १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यानं शिकारीचा वर्ग करायचा, मगच परवाना. त्याआधी जन्मलेले उपजत शहाणे. तुम्ही इथं असतात तर थेट खिडकीवर गेला असतात. मी मात्र बारा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर गुडघे दुमडून बसलो. शेजारच्या पोरीनं विचारलं, तुमचे बाबा शिकारी आहेत का? म्हटलं, ते रात्रभर शेतात बसतात, जनावर पंधरा पावलांवर येतं, मग ते तेलाचा डबा वाजवतात. तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

बंदूक कशी मिळते ते ऐकून तुम्हाला राग येईल, तरी सांगतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. दुकानात ओळखपत्र दाखवून एक लांबलचक फॉर्म भरायचा, दुकानदार सरकारी यंत्रणेकडे चौकशी करतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार येतो. आपल्याकडे अर्ज, पोलिस चौकशी, जबाब, आणि इतकं करून जी रायफल मिळते ती बहुधा .३१५. लष्कराची .३०३ लोकांच्या हाती नको, असं इंग्रजांनी ठरवलं आणि .३१५ आपल्याकडे रुजली. एक बरं, निवड करायचा ताप तरी राहिला नाही. इथं सगळा ताप तोच आहे.

आधी गोळी. यांच्या नावांना काही एक धरबंध नाही. .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे मूळच्या काडतुसातल्या दारूचं वजन. .३०-०६ मधलं शून्य-सहा म्हणजे १९०६ साल, अमेरिकी लष्करानं ती स्वीकारली ते. .३०८ म्हणजे गोळीची जाडी, इंचात, आणि .३०-०६ ची गोळीसुद्धा नेमकी तेवढ्याच जाडीची! .२७० ची गोळी मात्र .२७० नाही, .२७७ आहे. वजन ग्रेनमध्ये सांगतात. ते डोक्यात शिरेना, तेव्हा तुमच्या हिशेबात मांडलं. पंधरा ग्रेनचा मासा, १८० ग्रेनचा बरोब्बर एक तोळा. म्हणजे .३०-०६ ची जड गोळी तोळ्याची, .३०८ ची नेहमीची १५० ग्रेनची दहा माशांची आणि .२४३ ची पावणेसात मासेसुद्धा भरत नाही. हे मोठ्यानं वाचत होतो, तर आतून आवाज आला, "कोण घेतंय तोळ्याचं?" ते शिसं आहे हे पटवण्यात माझी संध्याकाळ गेली.

धक्क्याचंही बघावं लागतं. .३०-०६ खांद्याला .२४३ च्या जवळपास दुप्पट हाणते. दुकानातला पोरगा म्हणाला, ६.५ क्रीडमूरशिवाय दुसरं काही घेऊच नका. ती २००७ साली बाजारात आली. पोरगाही साधारण तेव्हाच आला असावा. शेजारचे आजोबा .३०-३० वाले. ते म्हणतात, इथल्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे दिसतंच काय? त्यांच्या मते हरणाला कुठलीही गोळी पुरते, फक्त ती योग्य जागी लागली पाहिजे. मी १९५२ साली आलेली .३०८ ठरवली आहे. मध्यम धक्का, आणि कुठल्याही दुकानात मिळते.

गोळी तांब्याची घेणार. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण मटणात राहतात. घरात लहान पोरं आहेत. तांबं म्हटल्यावर सुनेचा निम्मा विरोध मावळला. पाणी तांब्याच्या भांड्यात, तर हरणानं काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं.

रायफल बोल्टवाली. इथं थोडक्यात आटपतो, कारण सॅव्हेज, रुगर, रेमिंग्टन सगळ्या माझ्यापेक्षा सरळ मारतात. फिनलंडची टिक्का मला फार आवडली होती. धाकटीनं ते नाव ऐकून जेवणाची ताटं मांडली. किंमत पाहून मी ती उचलायला सांगितली.

दुर्बिणीनं मात्र माझा महिना खाल्ला. पंचवीस पटीची पाहिली. तिच्यातून हरणाच्या कानावरचा केस दिसतो, फक्त हरीण सापडत नाही. शेवटी तीन ते नऊ पट आणि पुढची काच ४० मिलिमीटर, अशी साधी ठरवली. इथं एक गणित आहे, तुम्हाला आवडेल. चाळीसला जितक्या पटीनं भागाल तितक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. चार पटीला दहा, नऊ पटीला साडेचारहून कमी. हरीण येतं झुंजुमुंजू किंवा दिवेलागणीला, तेव्हा आपली बाहुली चांगली मोठी झालेली असते. म्हणून अंधुक उजेडात पट वाढवली की अंधारच वाढतो. आणि डोळा काचेपासून तीन-साडेतीन इंच लांब ठेवायचा. नाही ठेवला, तर धक्क्यानं दुर्बीण भुवईवर अर्धचंद्र कोरते. शेजारच्या आजोबांच्या भुवईवर तो आहे. ते विषय बदलतात.

आता तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. वारा वायव्येकडून असतो, मी पूर्वेच्या कडेला बसणार. नेम चुकला तर गोळी मागच्या मातीच्या टेकाडात जाईल, त्या अंगाला वस्ती नाही. वर्गात हे तीन आठवडे शिकवलं. तुम्ही दोन प्रश्नांत संपवलं असतंत.

आणखी एक. अंगावर भगवा किंवा भडक गुलाबी रंग सक्तीचा आहे, दुसऱ्या शिकाऱ्यानं आपल्यालाच हरीण समजू नये म्हणून. भगवा किंवा लाल रंग हरणाला नीट ओळखू येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. तेव्हा कुंपणाला आईच्या जुन्या साड्या बांधताना लाल काढून निळ्या लावून पाहा. भगव्या जाकिटातला माझा फोटो आईला खुशाल दाखवा. दिंडीत निघालोय म्हणा.

आपल्या आजोबांनी निझामाच्या काळात ठासणीची बंदूक वापरल्याचं तुम्ही सांगायचात. मोठ्या हंगामानंतर इथं ठासणीवाल्यांसाठी वेगळा हंगाम असतो, हौसेनं दारू ठासतात लोक. आपले आजोबा इथं फार मोठे मास्तर झाले असते.

हरीण मिळालंच तर आधी डोकं तपासणीला द्यायचं. इथल्या हरणांत मेंदूचा एक रोग २००२ पासून सापडतो. निकाल चांगला आला की मगच मटण. मसाला लागेल. मामाचा मुलगा डिसेंबरात येतोय, त्याच्याबरोबर काळं तिखट दोन किलो पाठवा. सोयाबीन कोणत्या भावानं गेलं तेही कळवा.

आणि आईला सहज, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घालून, विचारून ठेवा. ज्या कुकरात हरीण शिजलं, तो नीट घासून एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीसाठी बटाटे उकडायला चालतो, का नवीन घ्यावा लागतो? इथं कुकर महाग आहेत, रायफलीनंतर तर फारच.

तुमचा,
धाकटा