बुटाचं नेढं

गडाच्या बाबतीत माझी भूमिका पायथ्याच्या देवळात बसून इतरांच्या पिशव्या सांभाळण्याची. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ त्यासाठी नामी: कोरीव खांब, गार सावली. पण भाचा म्हणाला, “मामा, रतनगडाचं नेढं बघितल्याशिवाय माणसाने मरू नये.” हे त्याने माझ्या पोटाकडे बघत सांगितलं. उठावंच लागलं.

जंगलातली वाट धापा टाकण्यात गेली. शिड्या आल्या आणि मधोमध उजव्या बुटाने तळ सोडला. तुटला नाही, फाटला नाही. सरळ राजीनामा दिला आणि खालच्या गृहस्थांच्या टोपीवर जाऊन बसला. महागाचे बूट! खोक्यात, कागदात गुंडाळून जपलेले. तळातला फोमचा थर दमट हवेने न वापरताही भुगा होतो, ही माहिती भाच्याने मी कठड्याला लटकलेला असताना पुरवली. मुलं आजकाल वेळ साधून ज्ञान देतात.

तरी सह्याद्रीचं दुसरं काय झालंय? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. टणक ते टिकले, मऊ ते पाण्या-वाऱ्याने पोखरले. माथ्यावरच्या कातळाला आरपार भोक, म्हणजे नेढं, पडलं ते असंच. डोंगराने निदान घाई तरी केली नाही.

खालून “काका, चला ना!” सुरू झालं. एक मुलगी माझी रील काढत होती. मोज्यातला पाय गजावरून सटकत होता आणि खाली बघायचं नाही एवढंच मला आठवत होतं. तेवढ्यात कुणीतरी घोटा धरला. भाचा. मोबाइल खिशात टाकून, अजिबात न हसता, तो माझं पाऊल एकेका गजावर ठेवत होता. “हं, आता डावा. घाई नाही, मामा.” याला चालायला शिकवताना घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला होता.

वर दरवाज्याजवळ सरबत विकणाऱ्या मावशींनी सुतळीने तळ बांधून दिला. शेजारच्या कातळावर ऑइलपेंटने बदाम काढून दोन नावं लिहिली होती. त्या जोडप्याचा संसार कसा चाललाय ठाऊक नाही. पण रंग पक्का निघाला, याचा संताप येतो.

नेढ्यात वारा असा की उभं राहिलो तर आपण पलीकडे आणि टोपी अलीकडे. कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, भंडारदऱ्याचं पाणी सगळं दिसलं. मी मात्र बसून सुतळी धरली होती.

उतरताना मावशींच्या झोपडीशीच डाव्यानेही साथ सोडली. मावशींनी तळ उचलला, वाकवून बघितला.

“ह्यो ठेवून जा, बाबा. दाराला बिजागरी व्हईल.”

“आणि मी?”

“तुम्ही काय, उतारच हाय की आता!”