गरौठ्याचे बालसाहित्यिक

बालसाहित्यिक हा प्राणी ओळखायला फार सोपा. चारचौघांत बसला तर गप्प असतो आणि तोंड उघडलंच तर साठीच्या माणसालाही 'बरं का' म्हणून समजावतो. त्याच्या खिशात पेन्सिल असते, पिशवीत स्वतःच्या पुस्तकांच्या पाच-सहा प्रती असतात, आणि बारसं, मुंज, पहिलीतला प्रवेश, काहीही निघालं तरी आहेर काय करावा हा प्रश्न त्याला जन्मात पडत नाही. 'किती पुस्तकं झाली?' असं विचारलं की तो सहज '४२' म्हणतो. ऐकणारा हबकतो. त्यातलं प्रत्येक पुस्तक १६ पानांचं आहे हे मात्र तो आपणहून सांगत नाही. १६च का, तर छापखान्यात कागदाच्या एका फॉर्मची तेवढी पानं होतात. सतरावं पान लिहिलं की प्रकाशक दुसऱ्या फॉर्मचा खर्च पुढे करतो. त्यामुळे राक्षस कितीही बलाढ्य असो, पंधराव्या पानावर त्याला मरावंच लागतं. सोळाव्यावर लग्न आणि तात्पर्य.

असे बालसाहित्यिक पुण्यात सदाशिव पेठेत शोधायला लागत नाहीत. मी सांगतोय ते काका गरौठ्याचे. गरौठा म्हणजे झाशी जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात. तिथं मराठी माणूस काय करतो, असं विचारू नका. तो तिथं पेशवाईपासून आहे. गोविंदपंत बुंदेले हे मूळचे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे खेर. पेशव्यांच्या वतीनं बुंदेलखंडाचा वसूल गोळा करता करता ते १७६०च्या डिसेंबरात पानिपतच्या मोहिमेत मारले गेले. गरौठ्याशेजारच्या गुरसरायची गादीही खेरांचीच. या मंडळींच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, आचारी असे जे आले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं परत जायचं राहूनच गेलं. काकांचे पूर्वज त्यांतले. नात्यानं ते माझ्या आत्याच्या चुलतदिरांपैकी, म्हणजे मानले तर काका. गावातली पोरं त्यांना कक्का म्हणतात.

काकांची हयात तहसिलीत नाजिर म्हणून गेली. तिचा परिणाम भाषेवर व्हायचा तो झालाच. त्यांच्या सुरुवातीच्या गोष्टींत 'सदर कोल्हा उपरोक्त विहिरीजवळ आला असता' अशी वाक्यं आहेत. सशानं सिंहाकडे जायच्या आधी अर्ज केलेला आहे. एका कथेत कासवानं शर्यत जिंकल्यावर सशाची हरकत मुदतबाह्य म्हणून फेटाळली गेली आहे, आणि मला विचाराल तर ती त्यांची सर्वांत वाचनीय कथा आहे. पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं की मुलांसाठी सोपं लिहावं. तेव्हापासून ते इतकं सोपं लिहायला लागले की वाचताना ओठ पुसावेसे वाटतात. चिऊताई, खारूताई, मनीमाऊ, सगळ्या नातेवाईक झाल्या.

काकू ग्वाल्हेरच्या. ग्वाल्हेरकरांना आपलं मराठी बाकी उत्तरेतल्या मराठीपेक्षा शुद्ध वाटतं आणि तसं बोलून दाखवायलाही ते कमी करत नाहीत. काकांची प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा काकूंच्या हातात जाते. 'चाय पिऊन घेतला नाही, चहा घेतला,' 'माहीत पडलं नाही, कळलं,' अशा दुरुस्त्या कणीक मळता मळता होतात. हस्तलिखितावर पिठाची बोटं उमटतात आणि तसंच ते पुण्याला रवाना होतं. काकूंनी गोष्टीच्या गुणवत्तेवर आजवर एकच अभिप्राय दिला आहे: 'पोहोचेल तेवढं टपाल लावा.'

काकांची दिनचर्या पाहिली तर हा माणूस लिहितो कधी असा प्रश्न पडावा. पहाटे उठून खारींना शेंगदाणे घालणं, हे निरीक्षण. मग रेडिओ दुरुस्त करणं. रेडिओ बिघडलेलाच असावा अशी त्यांची मनोमन इच्छा असते. दुपारी लू वाहत असताना दारं लावून पतंगाच्या कामट्या तासणं. चिंच, आवळा, महुआ अशा बिया जमवून त्यांना चिठ्ठ्या लावणं. कपाटात 'चांदोबा'चे गठ्ठे आहेत. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला आणि काकांच्या वडिलांनी तो घरी आणवला होता. १९७१ साली बालभारतीचं 'किशोर' निघालं तेव्हा काकांना मिसरूड फुटलं होतं, तरी त्यांनी वर्गणी भरली ती स्वतःच्या नावानं. ते गठ्ठे कुणाला न्यायला देत नाहीत. लहान मुलांना तर मुळीच नाही, मुलं पानं दुमडतात.

साहित्यिक म्हणून गावात मान आहे का, तर बेताचाच. दोष काकांचा नाही, जिल्ह्याचा आहे. चिरगावला १८८६ साली मैथिलीशरण गुप्त जन्मले, मऊरानीपूरला १८८९ साली वृंदावनलाल वर्मा. असल्या जिल्ह्यात कुणी लेखक आहे म्हटलं तर लोक 'बरं, आणि पोटापाण्याचं काय?' एवढंच विचारतात. काकांना खरा मान झाशीत, गणपतीच्या दिवसांत. मराठी मंडळींच्या वेशभूषा स्पर्धेला परीक्षक म्हणून त्यांना बोलावणं येतं. झाशीची वेशभूषा स्पर्धा म्हणजे रंगमंचावर ओळीनं राणी लक्ष्मीबाई, प्रत्येकीच्या पाठीला बाहुली बांधलेली आणि प्रत्येकीची आई पहिल्या रांगेत. एका वर्षी काकांनी पहिलं बक्षीस घोडा झालेल्या मुलाला दिलं. पुढची दोन वर्षं बोलावणं आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. काकांनी समुद्र पाहिलेला नाही. झेलम एक्स्प्रेसनं पुण्यापर्यंत जाऊन आलेत, पुढे घाट उतरायचा योग आला नाही. तरी ४२पैकी ११ पुस्तकांत समुद्र आहे, मामाचं गाव आहे, फणस आहेत, ओटीवरचा झोपाळा आहे. काका बुंदेलखंडात जन्मले, त्यांचे मामा उरईला वीजखात्यात होते आणि तिथल्या अंगणात एक कडुनिंब होता. पण बालसाहित्यात सुट्टी लागली की कोकणातच जावं लागतं, असा त्यांचा समज झाला तो काही उगाच नाही. छापून यायचं ते तेच. बिचाऱ्यांनी समुद्र कल्पनेनं बांधला, आणि तहसिलीतल्या माणसानं बांधला. त्यांच्या समुद्राला रोज संध्याकाळी बरोबर सहा वाजता भरती येते. एक दिवस मालवणकडच्या एका चौथीतल्या मुलाचं पोस्टकार्ड आलं: 'तुमची गोष्ट आवडली. पण भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. माझ्या बाबांची होडी आहे.' काकांना इतका आनंद झाला की विचारू नका. वाचकाचं आलेलं ते पहिलं पत्र. त्यांनी ते फ्रेम करून लावलं, आलेल्यागेलेल्याला दाखवलं, आणि पुढच्या पुस्तकात पंचांग पाहून भरती आणली.

चित्रांचा भाग वेगळाच. लेखक आणि चित्रकार यांनी एकमेकांना भेटू नये असा काही दंडक आहे की काय, कोण जाणे. काकांनी एकदा धीर करून आपल्या भागातली गोष्ट लिहिली: हरभऱ्याच्या शेतात रात्री नीलगायींचा कळप शिरतो आणि राखणीला बसलेला पोरगा पत्र्याचा डबा बडवून त्यांना हाकलतो. पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर गोठ्यातली गाय, गळ्यात घंटा, कपाळावर कुंकू, आणि नखशिखांत निळी. गरौठ्यातल्या पोरांनी, ज्यांना नीलगाय रोज दिसते आणि जिच्यापायी त्यांचे बाप रात्रीचे झोपत नाहीत, त्यांनी ते चित्र बघून विचारलं, 'कक्का, हिला काय झालंय?' काकांनी प्रकाशकाला पत्र घातलं. उत्तर आलं की निळा रंग मुलांना आवडतो. मानधनाऐवजी दहा प्रती सोबत होत्या. त्या दहा प्रती कपाटात मागे आहेत, आहेरालाही निघत नाहीत.

पण मी काकांवर लिहायला बसलो ते ४२ पुस्तकांसाठी नाही. संध्याकाळी सहाला, त्यांच्या समुद्राला भरती येते त्या वेळेला, काका ओट्यावर येऊन बसतात आणि आठ-दहा पोरं जमतात. यांतल्या एकालाही मराठी येत नाही. काकांना त्यांना गोष्ट सांगावी लागते ती बुंदेलीत, आणि तिथं ना फॉर्मची पानं असतात ना चिऊताई. पोरं आल्हा, म्हणजे इकडचा वीरांचा पोवाडा, ऐकत वाढलेली. पावसाळ्यात ढोलकीवर तलवारी खणखणल्याशिवाय त्यांना गोष्ट सुरू झाली असं वाटतच नाही. त्यांत एक सात वर्षांची मुलगी आहे, बसस्टँडजवळच्या चहावाल्याची. ती पुढच्या पायरीवर बसते आणि काका तिला घाबरतात. ससा-सिंहाची गोष्ट झाली, सिंह विहिरीत पडला, काकांनी तात्पर्यासाठी घसा साफ केला.

"मग विहिरीचं पाणी कोण प्यायलं?" ती.

"अगं, गोष्ट संपली."

"सिंह विहिरीत कुजला असेल ना. पाणी कुठून आणलं त्यांनी?"

काका गप्प. बुंदेलखंडात राहणाऱ्या पोरीनं विचारलेला प्रश्न आहे, तो हसण्यावारी नेता येत नाही. उन्हाळ्यात हंडा घेऊन कुठवर चालावं लागतं हे तिला चांगलं ठाऊक आहे. मग काकांना सिंहाला बाहेर काढण्यासाठी हत्ती आणावे लागले, दोरखंड वळावे लागले, दोर कोण वळणार यावरून माकडांचं भांडण झालं, आणि गोष्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. 'फिर का भओ?' हा प्रश्न आठ तोंडांतून एकदम येतो तेव्हा नाजिराच्या भाषेचाही निभाव लागत नाही. मी समोर होतो. इतकी चांगली ससा-सिंहाची गोष्ट मी छापील वाचलेली नाही.

त्याच ओट्यावर मी अन्ना बैलाची गोष्ट ऐकली. बुंदेलखंडात भाकड गाई, म्हातारे बैल मोकळे सोडून देतात. खुंटा नाही, मालक नाही. अशी जनावरं म्हणजे अन्ना. ती कळपानं उभ्या पिकात शिरतात आणि शेतकरी रात्ररात्र मचाणावर बसून पीक राखतो. काकांचा अन्ना बैल एके दिवशी तहसिलीच्या व्हरांड्यात येऊन बसतो. लोकांना वाटतं, याचंही काही काम अडलं असेल. लेखपाल, म्हणजे आपला तलाठी, सवयीनं त्याला पुढची तारीख देतो. बैल तारखेला हजर. पुन्हा तारीख, पुन्हा हजर. गावकरी म्हणतात, एवढ्या नेमानं आपल्यातलाही कुणी येत नाही, याची जमीन मोठी असणार. त्याला लोक रामराम घालतात, कुणी पेंड आणून देतं. शेवटी साहेब त्याची फाईल मागवतात, फाईल टेबलावर येते आणि बैल ती खाऊन टाकतो. पोरं ओट्यावरून खाली लोळली. रस्त्यानं जाणारे दोन वकीलही थांबून हसले. त्यांचं हसू थोडं वेगळं होतं.

काकूंनी ही गोष्ट शुद्ध करून दिली आणि आषाढातच ती एका दिवाळी अंकाकडे गेली. साभार परत आली. अन्ना बैल म्हणजे काय हे आमच्या बालवाचकांना कळणार नाही, शिवाय सरकारी कागद खाण्यातून मुलांवर कोणते संस्कार होतील, असं पत्र होतं. आजोळची एखादी कथा असल्यास जरूर पाठवावी. काकांनी ते पत्र शांतपणे फाईलला लावलं आणि समुद्राचं बारावं पुस्तक सुरू केलं.

मला यात काकांचा राग येतो, पण संपादकांचा जास्त. वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक काढलं ते १९०६ साली. तेव्हापासून मराठी मुलं काय काय पचवत आली आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. फुरसुंगी कुठं आहे, हे गरौठ्यातल्या मराठी पोराला कुणीही समजावून सांगितलं नव्हतं. फेणे सायकलवरून सुटला आणि पोरगं त्याच्या मागे सुटलं. आणि भागवत स्वतः जन्मानं इंदूरचे, ही काकांची सर्वांत लाडकी माहिती. वर्षातून एकदा तरी ते मला ती नव्यानं सांगतात, जणू इंदूर गरौठ्याच्या पुढच्याच थांब्यावर आहे. साहित्य अकादमीनं २०१०पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार सुरू केला, रोख ५० हजार आणि ताम्रपट, हेही त्यांना पाठ आहे. पैशांचा मोह नाही म्हणतात. बैठकीच्या भिंतीला एक खिळा मात्र त्या वर्षीच ठोकलेला आहे. सध्या त्यावर कॅलेंडर असतं.

जवळच बेतवेच्या काठी एरच आहे. हिरण्यकश्यपूची राजधानी तिथलीच आणि होलिका जळाली तीही तिथंच, अशी इकडची श्रद्धा. प्रल्हादाला जिथून ढकललं तो डोंगरही लोक दाखवतात. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? काका ती गोष्ट ओट्यावर अशी सांगतात की पोरं घरी जाताना दोघादोघांनी हात धरून जातात. कागदावर ती आलेली नाही. विचारलं तर म्हणतात, 'अरे, तिथं कोण छापणार? त्यात समुद्र कुठाय?'

तेव्हा पुण्या-मुंबईच्या बालअंकांच्या संपादकांना एवढीच विनंती. गरौठ्याच्या पोस्टाचा शिक्का असलेलं, पिठाची बोटं उमटलेलं पाकीट आलं आणि आत समुद्र असला तर खुशाल परत करा. बैल असला तर छापा, अन्ना म्हणजे काय ते खाली दोन ओळींत द्या, आणि चित्रकाराला आधी फोन करा.