विचारणा पहिल्यास, हुकूम सर्वांस

वैनगंगेच्या काठी, भंडारा शहराच्या पैलतीरावर वसलेल्या कारध्यात ज्याचा जन्म झाला आणि ज्याची हयात सरकारी दप्तरे उपसण्यात खर्ची पडली, त्या माणसास संगणकाच्या व्यवहारात फारसे नवल वाटू नये, अशी माझी जुनी समजूत होती. आणि जॉन रेसिग नामक तरुणाने 2006 च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे जगापुढे ठेवलेल्या जेक्वेरी या साधनाने ती अक्षरशः खरी ठरवली.

या साधनाशी माझा परिचय घडविला तो आमच्या भाच्याने. कारध्याच्या पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या नदीच्या पातळीचे रोजचे आकडे एका पानावर मांडून, पाणी धोक्याच्या रेषेला भिडलेले दिवस आपोआप तांबडे व्हावेत, असा त्याचा मनसुबा होता. ही रेषा 245.50 मीटरची, आणि खाली पवनीकडे गोसेखुर्दचे धरण तुडुंब भरते तेव्हा त्याचे पाणी जेथे टेकते, तो आकडाही नेमका 245.50 च असल्यामुळे, तेथील दरवाजे आणि येथील आमची झोप यांचा संबंध कोणत्याही पंचांगापेक्षा अधिक निश्चित आहे. असो. भाच्याने एका दिवसास एक ओळ दिली आणि प्रत्येक ओळीच्या पाठीवर त्या दिवसाची पातळी, वाचकास न दिसणाऱ्या शेऱ्याच्या रूपाने, नोंदवून ठेवली. अशा शेऱ्यास ॲट्रिब्यूट म्हणतात. मग डॉलरचे चिन्ह काढून (या विद्येत परकीय चलन अत्यंत सढळ हाताने वापरले जाते) त्याने साऱ्या ओळींना एकदम पाचारण केले आणि ‘ॲट्र’ या कारकुनामार्फत पातळी विचारली.

उत्तर आले ते एकच, आणि तेही मृगाच्या आधीच्या एका कोरड्या दिवसाचे! त्या उत्तरावर विसंबून राहिले असते, तर वैनगंगेस आजवर पूर म्हणून आलाच नाही, असा निष्कर्ष निघता.

“मामाजी, हा पयल्याचंच सांगते ना जी,” भाचा त्रासून म्हणाला.

“आणि हुकूम दिला तर?” मी विचारले.

त्याने हुकूम देऊन पाहिला. शेऱ्यात ‘धोका’ हा शब्द लिहिण्यास फर्मावताच तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कोरड्या दिवसांसकट, एका दमात लिहिला गेला. विचारणा करावयाची ती रांगेतील पहिल्या इसमास, हुकूम मात्र बिनदिक्कत सर्वांस लागू करावयाचा, हा न्याय अमेरिकेतील एका तरुणास कोणी शिकविला असेल, याचा मी त्या रात्री बराच वेळ विचार केला. आमच्या खात्यातून कोणी तिकडे गेल्याची नोंद नाही.

यावर इलाज एकच, तो म्हणजे घरोघर हिंडणे. त्यासाठी ‘इच’ नावाचा दुसरा कर्मचारी आहे. तो प्रत्येक ओळीच्या दारी जातो, पण जाताना त्याच्या हाती आधी अनुक्रमांक दिला जातो आणि मग ती ओळ. शिवाय अनुक्रमांक शून्यापासून सुरू होतो, म्हणजे पहिला मानकरी शून्य ठरतो. जावास्क्रिप्ट या मूळ भाषेतील ‘फॉरइच’ नेमका उलट वागतो, तो आधी मनुष्य पाहतो आणि मग त्याचा क्रमांक विचारतो. माझ्या मते तो शासकीय सेवेस सर्वथा अपात्र आहे. ‘इच’ला मात्र एक विलक्षण खोड आहे: कोणत्याही एका दारी त्यास स्पष्ट ‘फॉल्स’ असे उत्तर मिळाले, की तो पुढील सारी घरे सोडून तत्काळ माघारी फिरतो, आणि त्याबद्दल त्याच्याकडून कोणी जाबजबाब घेत नाही.

अखेर सर्व पातळ्या हाती आल्या. तेव्हा मी सहज म्हटले, की पाणी दोन मीटरने चढले तर काय, तेही काढून दाखव. यंत्राने 245.50 मध्ये 2 मिळविले आणि मोठ्या प्रसन्नतेने 245.502 असे उत्तर दिले! शेऱ्यातून निघालेली प्रत्येक वस्तू यंत्राच्या लेखी अंक नसून अक्षरे असते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे शेजारी शेजारी मांडणी. त्यामुळे अर्धे गाव बुडविणारा पूर दोन मिलिमीटरांत आटोपला. ‘डेटा’ नावाचा आणखी एक अधिकारी अक्षरांचे अंक करून देतो, असे भाच्याने मोठ्या आशेने सांगितले खरे. परंतु तो इतका काटेकोर, की 245.25 चा अंक करतो आणि 245.50 ला हात लावत नाही, कारण अंक केल्यास शेवटचे शून्य गळेल व मूळ लेखनात फेरफार होईल. संपूर्ण प्रकरणात मला मनापासून आदर वाटला तो या एकट्याविषयी.

भाच्याने मग बळजबरीनेच अंक केले. बेरीज 247.5 अशी बिनचूक आली, पण शून्य गेले. सरकारी पातळीपत्रकात दोन दशांश स्थळे लागतात, असा मी आक्षेप नोंदविला. त्याने ‘टूफिक्स्ड’ हा उपाय योजून शून्य परत आणले, तोच त्या आकड्याचे पुन्हा अक्षर झाले! शेवटी त्याने तोड काढली ती अशी, की हिशेबासाठी एक आकडा ठेवायचा आणि लोकांस दाखविण्यासाठी दुसरा. ही युक्ती आपणच प्रथम शोधली, असे त्यास अद्याप वाटते. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण माझे निवृत्तिवेतन अजून चालू आहे.