पांढऱ्या पुडीचा प्रबंध

पीएचडी झालेल्या माणसाने कारखान्यात नोकरी कशी मिळवावी हे सांगायचा अधिकार मला कुणी दिला, ते आठवत नाही. बहुधा मीच घेतला. पुण्याहून ‘सर, अकॅडमियात काही राम उरला नाही, इंडस्ट्रीत यायचंय’ असा फोन आला की मी इरुंगाट्टुकोट्टैत बसल्या जागी घसा खाकरतो आणि सुरू होतो.

इरुंगाट्टुकोट्टै म्हणजे चेन्नईहून बंगळुरूकडे निघालं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे लागणारी औद्योगिक वसाहत. ह्युंदाईची सँट्रो १९९८ साली इथूनच बाहेर पडली आणि तिच्या मागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेतल्या एका कारखान्यात मी असतो. मोटारीच्या दाराला लागणाऱ्या काळ्या रबरी पट्ट्या आम्ही बनवतो; सोऱ्यातून शेव पडावी तशा त्या यंत्रातून अखंड पडत असतात. गाडीत पावसाचं पाणी येऊ नये, एवढ्यासाठी आमची सगळी तपश्चर्या. बाहेरचा महामार्ग क्रमांक ४८ पुण्याच्या चांदणी चौकातूनच येतो, त्यामुळे ‘एकच रस्ता आहे, सरळ निघून ये’ हे वाक्य मी प्रत्येक उमेदवाराला ऐकवतो. इथल्या रेस ट्रॅकवर शर्यती असल्या की हेच वाक्य ओरडून ऐकवावं लागतं.

या वेळची उमेदवार पॉलिमरमधली. तिचा बायोडेटा अकरा पानांचा होता आणि पहिल्या पानावर प्रबंधाचं शीर्षकच कसंबसं मावलं होतं. मी कात्री घेतली. ‘एच-इंडेक्स काढ. इथे स्क्रॅपचा दर विचारतात.’ शोधनिबंध दोन ओळींत बसवले. मग विचारलं, बाकी वेळ लॅबमध्ये काय करत होतीस? तर म्हणे, काही नाही सर, सगळ्या विभागाचं एक यंत्र सांभाळायचे, बिघडलं की कंपनीच्या माणसाच्या मागे लागायचे, रसायनांच्या ऑर्डरी काढायचे, नव्या मुलांना शिकवायचे. ‘अगं, हेच लिही!’ असं मी ओरडलो. (त्या दिवशी शर्यत नव्हती.) जे लपवायचं असं आम्हाला पाच-सहा वर्षं वाटत असतं, नेमकं तेच कारखान्याला हवं असतं. माझ्या सगळ्या मार्गदर्शनात खरं म्हणावं असं हे एकच.

पगाराचा धडाही दिला. मला जेव्हा ‘अपेक्षित पगार?’ असं विचारलं होतं, तेव्हा सीनियर फेलोला २८,००० मिळायचे. मी प्रामाणिकपणे ‘२८,०००, अधिक नियमाप्रमाणे घरभाडे’ असं सांगितलं. एचआरच्या बाईंनी ते इतक्या चपळाईने लिहून घेतलं की मला वाटलं, मी छाप पाडली. आता फेलोशिप ४२,००० झाली आहे. तोच घोळ मोठ्या आकड्याने होऊ नये म्हणून तिला बजावलं, आधी बाजारभाव काढ.

शेवटी हुकमी पान टाकलं. ‘अंजी रेड्डी बघ. पुण्याच्या एनसीएलमधून १९६९ साली पीएचडी, मग सरकारी आयडीपीएलमध्ये नोकरी, आणि १९८४ साली डॉ. रेड्डीज!’

‘त्यांच्यानंतर कोण, सर?’

मी थोडा वेळ नम्रपणे गप्प बसलो. तीही गप्पच बसली.

मग तिने विचारलं, ‘तुमचं इथलं पहिलं काम काय होतं?’ इथे मी फोन ठेवायला हवा होता.

पहिलं काम होतं पांढऱ्या पुडीचं. काही पट्ट्यांवर पांढुरकी झाक येते, अशी ग्राहकाची तक्रार होती. रबरात ॲक्सिलरेटर किंवा गंधक जास्त झालं की ते आत विरघळून राहत नाही, हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर बसतं. त्याला ब्लूम म्हणतात. पट्टी गरम केली की सहसा ते पुन्हा आत विरघळतं आणि झाक जाते. मी हीट गन लावली. झाक गेली नाही. शहाण्या माणसाने इथेच ओळखलं असतं की पूड रबरातून आलेली नाही, बाहेरून लागली आहे. मला मात्र नवा शोध लागल्याचा भास झाला. मिश्रणाची प्रमाणं बदलली, चाचण्यांमागून चाचण्या लावल्या, नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम निघालं. म्हणजे राखेसारखं काहीतरी. त्यावरून मी भरणद्रव्यात भेसळ असल्याचा सिद्धांत मांडला आणि पुरवठादाराला असं कडक पत्र लिहिलं की त्याची माणसं मिठाईचा पुडा घेऊन हजर झाली.

माझ्याच एक्सेलमध्ये एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. तक्रारीच्या सगळ्या पट्ट्या पाळीच्या पहिल्या खोक्यातल्या होत्या. पण पहिली पाळी सहाला सुरू होते आणि मी लॅबच्या सवयीने नऊला उगवत असे. एकदा गाडी चुकेल या धास्तीने लवकर आलो, तर यंत्रावरच्या ऑपरेटरने खिशातून पुडी काढली, चिमूटभर विभूती घेऊन यंत्राच्या पॅनेलवर तीन बोटं ओढली, उरलेली कपाळाला लावली आणि त्याच हाताने पहिली पट्टी उचलली.

‘रोज?’ मी विचारलं.

‘डेली, सार.’

लाइनवरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं ते सगळं मी यंत्रांना विचारत होतो. तरी एट-डी रिपोर्ट लिहिताना माझं शिक्षण कामाला आलं. मूळ कारण: ‘पाळीच्या प्रारंभी हाताळणीतून संक्रमित होणारे सिलिका-कॅल्शियमयुक्त बाह्य कण’. उपाय: हातमोजे, पूजा झाल्यावर. आमच्या प्लांट हेडनी तो भर बैठकीत वाचून दाखवला आणि म्हणाले, याचसाठी पीएचडी लागतो.

ही कथा मी पोरीला विश्वासाने सांगितली.

मुलाखत आमच्याच कारखान्यात होती. पॅनेलने विचारलं, ‘लॅबमधला माणूस शॉप फ्लोअरवर कुठे चुकतो?’ तिने शांतपणे ‘माझ्या ओळखीचे एक सर आहेत’ म्हणून सुरुवात केली आणि विभूतीपर्यंत सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही, हा तिचा चांगुलपणा. पण पुण्याहून पीएचडी करून आलेला माणूस आमच्या इमारतीत एकच आहे. तिची निवड झाली. पगाराचा आकडाही मला कळला आहे. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेडनी बोलावलं. टेबलावर माझा रिपोर्ट, शेजारी बाहेरच्या प्रयोगशाळेचं बिल. ‘विभूतीच ना, डॉक्टर?’ एवढंच विचारलं. रागावले नाहीत. उलट पॅनेलने ठरवलंय की यापुढे प्रत्येक पीएचडी उमेदवारासमोर पांढरी पूड लागलेली पट्टी ठेवायची आणि तो लाइनवर जाऊन विचारतो की चाचण्यांची यादी करतो, ते बघायचं. पट्टी तयार करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पूड अस्सल हवी म्हणून मी श्रीपेरुंबुदूरला आदिकेशव पेरुमाळच्या देवळात गेलो आणि विभूती मागितली. साक्षात रामानुजाचार्यांच्या जन्मगावी, विष्णूच्या गाभाऱ्यासमोर, शंकराचा अंगारा! भटजींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हातावर तीर्थ आणि तुळस ठेवली.

मग मुकाट्याने ऑपरेटरकडे गेलो. त्याने खिशातली पुडी काढली, पण हातात देण्याआधी जरा मागे घेऊन विचारलं, ‘टेस्टिंगा, सार?’