एफएफटीवाला मेव्हणा

तुमच्याकडेही एक असेलच. आमचा तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, बोईसरला राहतो आणि सेकंड शिफ्ट नसली की पायथन शिकतो. शिकतो म्हणजे आम्हाला शिकवतो.

हातात अंगठ्याएवढा डोंगल. मूळचा टीव्ही बघायचा; पण त्यातून लहरींचे कच्चे आकडे थेट लॅपटॉपात घेता येतात, हे 2012 च्या सुमारास हौशी मंडळींनी पसरवलं आणि आमची जेवणं नासली. "सेकंदाला 24 लाख नमुने, भावोजी! लगतच्या दोघांच्या फेजमधला फरक काढला की झालं एफएम!" गाणं लागतंही. सासूबाई म्हणाल्या, "हे माझ्या मोबाईलवर पण लागतं."

पण खरं वेड एफएफटीचं. कुठल्याही आवाजात कुठली कंपनं किती, ते वेगळं काढून दाखवायचं गणित. फ्रिज घरघरला, "थांबा, एफएफटी काढू या." मिक्सर लागला, एफएफटी. पालघरला आमच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तर हा पंख्याकडे मोबाईल धरून उभा. "वीज 50 हर्ट्झची, म्हणून गुणगुण बरोबर 100 वर!" मुलगा काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं. एकदा त्यानं सासऱ्यांच्या घोरण्याचीही एफएफटी काढली. सासूबाईंनी तेवढा एक आलेख छापून मागितला.

मग अँटेना म्हणून पडद्याचा अ‍ॅल्युमिनियम रॉड कापून 53 सेंटिमीटरचे दोन तुकडे, 120 अंशांत, गच्चीवर. अमेरिकेचे तीन नोआ हवामान उपग्रह 137 मेगाहर्ट्झवर चित्र सोडायचे, सेकंदाला दोन ओळी. डोंगलमधून टिकटिक यायची आणि पडद्यावर ओळीओळीनं अरबी समुद्र उतरायचा, मग आपला किनारा, वर पावसाचे ढग. पापड गच्चीत घालायचे की नाही, हे सासूबाई त्यावरून ठरवू लागल्या. चारचौघांत मी कबूल करणार नाही, पण ते ढग बघायला मीही पालघरहून लोकल पकडून जायचो.

2025 च्या जून ते ऑगस्टमध्ये ते तिन्ही उपग्रह बंद केले. 1998 पासून फिरणारा नोआ-15 सगळ्यात शेवटी. त्या आठवड्यात ह्यानं कशाचीच एफएफटी काढली नाही. सासूबाईंनी मुद्दाम रिकामा मिक्सर लावून पाहिला. उठला नाही.

आता रशियाच्या मेटिऑरवर भागवतोय. त्याचं सगळं डिजिटल, टिकटिक नाही. पण चित्र जास्त स्वच्छ येतं म्हणतो, आणि नवा, मोठा अँटेना बांधायला घेतलाय. तेव्हा बोईसर-पालघरात कुणी पडद्याचे जुने रॉड भंगारात काढणार असाल, तर आधी मला कळवा. आमच्या दोन्ही घरांतले संपलेत.