गंजाडात आरमार उभारण्याची रीत

गंजाडला समुद्र नाही, ही अडचण समजू नये. समुद्र जवळ असला की माणूस होडीत बसून मासे धरायला जातो आणि लाकडी जहाजाची प्रतिकृती बनवण्यासारख्या महत्त्वाच्या कामाकडे त्याचं दुर्लक्ष होतं. गंजाडात तो धोका नाही. इथे भाताची खाचरं आहेत, बांबूची बेटं आहेत, आणि डहाणूचा किनारा पश्चिमेला इतका लांब की खाऱ्या वाऱ्यालासुद्धा एसटीने यावं लागेल. आरमारासाठी याहून सुरक्षित जागा मिळणं कठीण.

आधी माणसं जमवावीत, लाकूड नंतर. हा क्रम उलटा केला की लाकडाला वाळवी लागते आणि माणसं येतच नाहीत. चारजण पुरेत. एक इतिहासवाला, ज्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावाशिवाय चहा गोड लागत नाही. एक प्रमाणवाला, जो बोलतानाही दशांश चिन्ह वापरतो. एक हत्यारवाला, याच्याकडे सोनाराच्या करवतीपासून दाताच्या डॉक्टरच्या टोचणीपर्यंत सगळं असतं, फक्त जहाज नसतं. आणि चौथा खरा सुतार. याने कधीही छंद म्हणून लाकडाला हात लावलेला नसतो. बाकी तिघांची कामं बघून तो फक्त "असं का?" एवढंच विचारतो. या प्रश्नाला मंडळात उत्तर नसतं, म्हणूनच त्याला ठेवून घ्यायचं.

कोणतं जहाज बांधायचं, यावर पहिला हंगाम खर्च करावा. इतिहासवाल्याला मराठा आरमारातली गुराब हवी असते. तिचा नकाशा आण म्हटलं की तो आठवडाभर गप्प बसतो, आणि तेवढ्यात प्रमाणवाला 'त्रिंकोमाली' पुढे करतो. या सूचनेला नाही म्हणणं अवघड जातं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. वाडियांच्याच 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. चीनच्या बादशहाच्या प्रतिनिधींना मुंबईच्या जहाजावर येऊन हाँगकाँग सोडावं लागलं, हे कळल्यावर इतिहासवाला विरघळतो. तरीही आंग्र्यांचं एखादं निशाण कुठेतरी लावू द्या, अशी अट तो घालतोच. ती तोंडी मान्य करावी.

मग प्रमाण. एकास अठ्ठेचाळीस धरावं, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट तो आपला पाव इंच. सुताराची टेप जशीच्या तशी चालते. 'त्रिंकोमाली'चा तोफांचा मजला सुमारे दीडशे फूट, म्हणजे आपला तीन फूट दीड इंच. पुढचा वासा आणि डोलकाठ्या वेगळ्या. हे माप घरात सांगताना फक्त "तीन फूट" म्हणावं आणि दीड इंचाबद्दल नंतर माफी मागावी.

लाकूड वखारीतल्या तुकड्यांतून गोळा करावं. सागाच्या मोहात रानात शिरू नये. युद्धनौका बांधतोय, हे स्पष्टीकरण वनरक्षकाला एकदा देऊन पाहणाऱ्याला दुसऱ्यांदा द्यावं लागत नाही. बारीक कोरीव कामाला हळदू उत्तम, पिवळसर आणि गुळगुळीत. सांगाड्याला शिवण चालते, कारण ती हलकी असते आणि सहसा वाकडी होत नाही. चिकूचं लाकूड कुणी फुकट दिलं तर घ्यावं. डहाणूत चिकूला नाही म्हणणं शिष्टाचाराला धरून नाही. मात्र ते इतकं टणक असतं की हत्यारवाल्याची दोन पाती जातात आणि त्याच्या नव्या खरेदीला कारण मिळतं.

फळ्या ठोकायच्या मेखा बांबूच्या हव्यात, आणि इथे मात्र गंजाडकराने मान ताठ ठेवावी. पेराच्या मधला, सालीलगतचा बांबू घ्यायचा. कोयत्याने उभा चिरायचा, मग चिरलेल्याला पुन्हा चिरायचं, काडीपेक्षा बारीक होईपर्यंत. पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोकं पाडून काडी एकेका भोकातून ओढून काढायची. शेवटच्या भोकातून जो धागा निघतो, तीच मेख. प्रमाणवाला याला एक दुपार घालवतो. पाड्यावरचे एखादे बाबा, ज्यांनी जन्मभर कणग्या आणि टोपल्या विणल्या, ते गप्पा मारता मारता त्याच जाडीची काडी नुसत्या कोयत्याने काढून देतात आणि "कशाला पायजे?" विचारतात. जहाजाला, असं खरं उत्तर द्यावं. ते हसतील. हसू दिलं की ते उद्या पुन्हा येतात, आणि मंडळात आता पाच झाले.

आता या शास्त्रातला गाभा: फळी धरणं. पातळ फळी गरम पाण्यात भिजवून सांगाड्यावर वाकवायची, फेविकॉल लावायचा आणि ती जागेवर धरून ठेवायची. कपड्यांचे चिमटे लावता येतात, पण ते घरातल्या दोरीवरूनच उचललेले असतात आणि वारा सुटला की त्याचा हिशेब द्यावा लागतो. शिवाय नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर चिमटा बसतच नाही. तिथे माणसाचा अंगठाच लागतो. एकाने पुढून दाबायचं, दुसऱ्याने मागून, आणि दोघांनी हलायचं नाही. खाज सुटली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. या अवस्थेत माणूस बोलतो. बांधावरून भावाशी चाललेली केस, पोरीच्या स्थळाकडून न आलेला निरोप, दवाखान्यातला कागद जो अजून घरी दाखवलेला नाही, हे सगळं मी नाळेच्या चौथ्या-पाचव्या फळीवर ऐकलेलं आहे. समोरचा उठून जाऊ शकत नाही आणि डोळ्यांत बघायचीही सोय नाही, कारण दोघांचं लक्ष फटीवर. म्हणूनच मंडळात फेविक्विकला सक्त मनाई असावी. दहा सेकंदांत चिकटतं, आणि दहा सेकंदांत कुणी भावाबद्दल बोलत नाही.

दोर ही पुढची कसोटी. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना खलाशांनी चढायच्या दोरांच्या शिड्या असतात आणि आडव्या दोराची प्रत्येक गाठ हाताने मारावी लागते. सुती दोरा मेणातून ओढून घ्यावा म्हणजे तूस उभं राहत नाही. गाठी वाटून घ्याव्यात, पण पूर्ण जाणीव ठेवून: सुताराची गाठ घट्ट आणि एकसारखी, इतिहासवाल्याची सैल, प्रमाणवाल्याची इतकी मोजलेली की शिडी एका बाजूला कलते. जहाज पुरं झालं तरी कुठल्या गाठी कुणाच्या, हे सांगता येतं, आणि सांगितलं जातं. अशा वेळी वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा विषय काढू नये. ते याच गंजाडच्या कळंबीपाड्यातले, २०११ चे पद्मश्री. बांबूच्या काडीने, पांढऱ्या रंगात त्यांनी मासेमारीचं अख्खं जाळं चितारलं, रेघ-रेघ आणि ठिपका-ठिपका, ना पट्टी ना आखणी. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं जाळं पाहून आलेल्याला आपली शिडी उसवावीशी वाटते, आणि आधीच हंगाम थोडा असतो.

हंगाम म्हणजे भात झोडून झाल्यापासून चैत्री पौर्णिमेच्या महालक्ष्मीच्या यात्रेपर्यंत. पुढे उन्हात लाकूड तडकतं, पावसात फुगतं, आणि आवणी लागली की पाड्यावर कुणालाच 'त्रिंकोमाली' आठवत नाही. मात्र पावसाळ्याचा एक दिवस अभ्यासासाठी राखावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा धाकटी डहाणूला होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली असणारं पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, उघड्यावर बघायला मिळतं. सोबत आपलं अर्धवट जहाज न्यावं. एखादे तांडेल ते हातात घेतील, उलटं करतील, एक डोळा मिटून पठाणाच्या रेषेत बघतील आणि म्हणतील, "डावीकडं जाणार ही." बरोबर असतं ते. प्रमाणवाल्याने वही काढू नये. तांडेलांना चहा पाजावा आणि सहावं नाव लिहून घ्यावं.

जहाज पाण्यात सोडायचा हट्ट कुणीतरी धरेलच, धामणीच्या धरणात म्हणा किंवा सूर्या नदीत. मान डोलवावी आणि दोन तोफा कमी आहेत असं सांगावं. तोफा नेहमी दोन कमी असाव्यात. पुरं झालेलं जहाज एकाच्याच घरी जातं, उरलेल्यांना मग संध्याकाळी कुठे जायचं ते कळत नाही. म्हणून दुसऱ्या जहाजाचं पठाण पहिल्याच्या तोफांआधी बसवलेलं बरं.

काचेची पेटी करण्याआधी दाराचं माप घ्यावं. डहाणूला न्यायची वेळ आली तर ती एसटीत मांडीवर घ्यावी, डोलकाठीचं टोक खिडकीकडे. कंडक्टर लगेजचं तिकीट मागेल. वाद घालू नये. सगळ्या मंडळाने एकाच वेळी खिशात हात घालावा, आणि सुट्टे कुणाकडेच नसावेत.